कुसाबाईचं राहिलेलं बाळंतपण

नांदरवाडीच्या वेशीवर एक पाटी होती आणि येता-जाता लोक तिला हात जोडत. पाटी देवाची नव्हती. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत गावाचं नाव, खाली तालुका निफाड, जिल्हा नाशिक, आणि सगळ्यात खाली लोकसंख्येचा आकडा. पूर्वी त्या पाटीला शेळ्या अंग घासायच्या. पण ‘स्थिर गाव’ योजना आली आणि पाटीचे दिवस फिरले. आता दर अमावास्येला तिला हार पडायचा, शेंदूर तेवढा लागायचा राहिला होता.

योजना अशी होती. लोकसंख्या स्थिर राहावी म्हणून वरून विभागाला निधी आला, विभागाने तो जिल्ह्याकडे ढकलला, आणि जिल्ह्याला तो कुठेतरी वाटणं भाग होतं. कमी मुलं झालेल्या गावांना द्यावा, तर त्या गावांतली निम्मी माणसं नाशिकला राहायला गेलेली असायची. जास्त मुलं झालेल्या गावांना द्यावा, तर ते शिक्षेऐवजी बक्षीस झालं असतं. शेवटी कुणीतरी ठरवलं की ज्या गावाची लोकसंख्या तपासणीच्या दिवशी पाटीवरच्या आकड्याइतकीच भरेल, एक माणूस जास्त नाही, एक कमी नाही, ते गाव स्थिर. स्थिर गावाला निधी. तपासणीचा दिवस अकरा जुलै, जागतिक लोकसंख्या दिन.

नांदरवाडीला हा निधी पुलासाठी हवा होता. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक ओढा होता. एसटी ओढ्यापलीकडेच थांबायची. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की अडलेल्या बाईला खाटेवर घालून खांद्यावरून न्यावं लागायचं. सरपंच साळूबाईंनी निवडणुकीत पूल कबूल केला होता आणि साळूबाई कबूल केलेलं विसरणाऱ्या बाई नव्हत्या.

साळूबाईंचा नवरा गोरक्ष. पंचक्रोशीत त्याला सगळे ओळखत, पण ते सरपंचांचा नवरा म्हणून नव्हे, तर फोटोतला माणूस म्हणून. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी साळूबाई बाळंतपणासाठी माहेरी निघाल्या असताना ओढ्याला पाणी आलं, खाट मध्येच अडकली, आणि तशाच त्यांना परत आणून शेजारच्या कुसाबाईच्या घरात उतरवावं लागलं. मुलगी झाली. साळूबाई वाचल्या, पण कशाबशा. महिनाभराने गोरक्ष कुणाला न सांगता तालुक्याला गेला आणि नसबंदी करून आला. एका मुलीवर, तेही पुरुषाने! आरोग्य केंद्रातल्या साहेबांना केवढा आनंद झाला. त्यांनी त्याला फेटा बांधून फोटो काढला, मोठा करून भिंतीवर लावला, खाली लिहिलं, ‘मी समाधानी आहे.’ तो फोटो अजून तिथेच होता. फेट्याचा रंग उडाला होता, पण समाधान शाबूत होतं. गावातली पोरं त्याला मागून ‘समाधानी नाना’ म्हणत आणि तोंडावर ‘गोरखनाना.’ त्याला दोन्ही चालायचं. कुणी समोरून आलं की बाजूला होऊन वाट द्यायची, हा त्याचा स्वभावच होता.

योजनेचे नियम सुरुवातीला कुणाला नीट कळले नाहीत, पण एकदा कळल्यावर सगळ्यांना फारच नीट कळले. आलेला पाहुणा मोजायचा नाही. पण बाळ जन्मलं, तर बाळाची आई ज्या गावात मुक्कामाला आहे, ते बाळ त्या गावाचं धरायचं. झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आता प्रत्येक गाव आपल्या सुना माहेरी पाठवायला एका पायावर तयार आणि आपल्या लेकी घरी आणायला एकही गाव राजी नाही.

साळूबाईंनी ग्रामसभा पाटीपाशीच घेतली. पाटीला हळदकुंकू लावलं, पत्र्यावर हात ठेवला आणि त्या म्हणाल्या, “पूल होईस्तवर परगावी दिलेल्या लेकीचं बाळंतपण या गावात होनार नाय.” टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणूस एक वाक्य जास्त बोलतो. साळूबाई बोलल्या, “मंग ती लेक सरपंचाची का असंना!”

मागे उभ्या असलेल्या गोरक्षच्या टाळ्या तिथेच थांबल्या. त्यांच्या तेजस्विनीचं लग्न होऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते.

त्या वर्षी निफाडच्या बाजूच्या एसटीत बसायची सोय राहिली नाही. सासरचे बाईला माहेरच्या गाडीत बसवायचे, माहेरचे तिला जेवूखाऊ घालून, लाडू बांधून देऊन त्याच गाडीने परत पाठवायचे. काही जणी तर आठवडाभर नुसत्या ये-जा करत होत्या. त्यांची एकमेकींत मैत्री झाली. त्या गाडीतच लोकरीची टोपडी विणायच्या. कंडक्टर भला माणूस होता. पिशवीत ओवा ठेवायचा आणि तिकीट फाडण्याआधी विचारायचा, “ताई, कितवा?” सातव्याला मधली सीट, आठव्याला पुढची, नववा असेल तर ड्रायव्हरच्या मागची एकटी सीट आणि गाडी खड्ड्यात हळू.

इकडे गावात कुणी गेलं की जागा व्हायची. हिवाळ्यात एक म्हातारबा गेले, तेव्हा लोक स्मशानातून परतताना रडतही होते आणि कुणाच्या सुनेला कितवा लागलाय याचा हिशोबही करत होते. सगळ्यांचा डोळा मात्र कुसाबाईवर. नव्वदीची बाई, एकटी, मागेपुढे कुणी नाही. सकाळी तिच्या ओट्यापाशी हटकून कुणी ना कुणी थांबायचं.

“कुसाआज्जी, बरं वाटतंय ना?”

“मेल्या, काल बी हेच इचारलं. दोन भाकरी खाल्ल्या मी. आता तिसरी थापायला घेते.”

आणि विचारणारा उदास होऊन शेताकडे जायचा.

एप्रिलात तेजस्विनीचा फोन आला. ती नवरा दीपक याच्यासोबत नाशिकला सिडकोत राहायची. “पप्पा, सातवा लागला. ओटी भरायला आणि मला न्यायला कधी येताय?”

“येतो, येतो,” गोरक्ष म्हणाला.

“असं नको. तारीख सांगा. इथं प्रभागाला पण ती योजना लागू झालीय. सोसायटीचे चेअरमन रोज जिन्यात गाठतात. वहिनी, तुमच्याकडं पहिलं माहेरीच असतं ना, म्हणतात. काल त्यांनी दीपकला बॅग आणून दिली. चाकांची.”

चुलीपुढे साळूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात न धुताच फोन घेतला. “तेजू, तिथं चांगले दवाखाने हायेत गं. मोठे. एसी असतो.”

“आई, मला एसी नकोय,” तेजस्विनी म्हणाली. “मला तू पाहिजेस.”

तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास सगळ्या घरात भरला, तरी साळूबाई फोन कानाला लावूनच बसल्या होत्या. फोन कधीच बंद झाला होता.

“आणतो मी तिला,” गोरक्ष म्हणाला.

“मी पाटीला हात लावून बोलले.”

“पाटी काय देव हाय का?”

“दर अमावास्येला हार कोन घालतं तिला? तुमीच ना?”

ते खरं होतं. हार गोरक्षच घालायचा. साळूबाई उठल्या, करपलेली भाकरी त्यांनी गाईला टाकली आणि पदराने तोंड पुसलं. “एक बाळ वाढलं की पूल गेला. गावाला काय तोंड दाखवू? दुसऱ्यांच्या लेकी मी माघारी धाडल्या.”

गोरक्ष अंगणात येऊन बसला. एकुलती एक लेक. एकदाच यायचं होतं तिला अशी, आयुष्यात एकदा. मागच्या खोलीत बाज उभी करून ठेवलेली होती. महिन्याभरापूर्वीच त्याने तिची जुनी सुंभं काढून नव्या दोरीने ती विणून घेतली होती. कुणी विचारलं तर शेळीसाठी म्हणून सांगायचं, असं ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही. शेळी बाजेवर झोपत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

कुडापलीकडून कुसाबाईचा आवाज आला. “गोरख, मी मरू का?”

“काय बोलती आज्जी!”

“नाय, म्हनजे मरायला काय हरकत नाय. पन लगेच जमंलसं वाटत नाय. भूक लय लागती मला.” मग म्हणाली, “मरन्याबिगर जागा व्हत नाय का?”

“माणूस गाव सोडून मुक्कामाला गेलं तरी वजा होतं म्हणे.”

“मंग सोपं हाय की. मी माहेरी जाते.”

गोरक्षला आधी हसू आलं. कुसाबाईचं माहेर विंचूर. तिथे तिचे आई-बाप, भाऊ कुणीच उरले नव्हते. सोमनाथ नावाचा एक भाचा होता, कांद्याचा व्यापारी. तो दिवाळीला फोन करायचा. पण कुसाबाई काठी घेऊन कुडाला वळसा घालून आली सुद्धा, आणि तशीच चावडीकडे चालू लागली. तिच्या मागे गोरक्ष, त्याच्या मागे साळूबाई.

चावडीत आशाताई अंजली मोबाईलवर गावाची माहिती भरत बसली होती. योजनेचं सगळं त्या मोबाईलमध्येच चालायचं. कागदावर काही भरायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

“मला गावातून काढ,” कुसाबाई म्हणाली.

अंजलीने बोट फिरवलं. “आज्जी, कारण निवडावं लागतं. बाईमाणसाला गाव सोडायला यात तीनच कारणं हायेत. लग्न, बाळंतपण, मृत्यू.”

“भाच्याकडं राहायला जाते म्हनून लिव्ह.”

“तसं येत नाय त्यात. तिन्हीपैकीच एक दाबायचं.”

चावडीत जमलेल्यांपैकी कुणीतरी खाकरून म्हणालं, “मग आज्जी, लग्न टाका! पोरगा बघू.” सगळे हसले. कुसाबाई हसली नाही. ती काठीवर हनुवटी टेकून जरा वेळ उभी राहिली.

“लगीन झालं,” ती म्हणाली. “मरन व्हईल तवा व्हईल. बाळंतपन तेवढं राह्यलंय माझं. ते दाब.”

आता कुणी हसेना. कुसाबाईला मूल झालं नव्हतं, हे गावाला माहीत होतं. पण त्याबद्दल तिने स्वतःहून काही बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं.

“पहिलं आमच्याकडं, म्हनाली व्हती आय माझी. लग्नात सांगितलं व्हतं तिनं, समद्यांम्होरं. जुन्या लुगड्याची दुपटी शिवून ठेवली व्हती. भाऊ दर सालाला इचारायचा, कवा येती? मंग इचारायचा बंद झाला.” तिने अंजलीकडे पाहिलं. “बोलावनं काय कुनी माघारी घेतलेलं नाय. दाब.”

अंजलीने दाबलं. मोबाईलने वय विचारलं, तिने नव्वद टाकलं. मोबाईलला काही वावगं वाटलं नाही. पडद्यावर हसऱ्या बाईचं चित्र आलं, खाली ‘अभिनंदन, माताभगिनी’, आणि लोहाच्या गोळ्या कधी घ्यायच्या याची सूचना.

गोरक्षने तिथूनच सोमनाथला फोन लावला. मागून कांद्याच्या लिलावाचा गलका ऐकू येत होता.

“तुझी आत्या येतीय मुक्कामाला.”

“या की. काय विशेष?”

“बाळंतपणाला.”

“कुणाच्या?”

“तिच्याच.”

बराच वेळ नुसता लिलाव ऐकू आला. मग सोमनाथ म्हणाला, “बरं. डिंक आणून ठेवतो.”

कुसाबाई निघाली तेव्हा वेशीपर्यंत बायका आल्या. निघताना ओटी भरायची, पण कुणी पुढे होईना. विधवेची ओटी भरत नाहीत. तांदळाचं ताट एकीच्या हातातून दुसरीच्या हातात फिरत राहिलं. शेवटी साळूबाईंनी ते ओढून घेतलं. “मोबाईलात काय लिव्हलंय? बाळंतपन ना? मंग सरकारपेक्षा तुमी शान्या हायेत का?” त्यांनी तांदूळ आणि नारळ कुसाबाईच्या पदरात घातला. साळूबाईंचं स्वतःचं बाळंतपण कुसाबाईनेच केलं होतं. शेक, मालिश, रात्री पोर रडली की उठणं, सगळं. कुसाबाईने ओटीकडे पाहिलं, मग लोकांकडे, आणि नव्या नवरीसारखी मान खाली घालून ओढ्याकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी गोरक्ष नाशिकला जाऊन तेजस्विनीला घेऊन आला. येताना कंडक्टरने विचारलं, “कितवा?” आणि मधली सीट दिली.

पुढचे दिवस गोरक्षने कसे काढले म्हणाल, तर हवेत. लेक अंगणात बसायची, तो समोर बसायचा. तिने चिंच मागितली की तो चिंचेखाली जाऊन उभा, तिला झोप लागली की कुत्र्याला ‘शू’ करत बसलेला. साळूबाई गावापुढे सरपंच असत आणि घरात शिरल्या की डिंक कुटायला घेत. गावाची हरकत नव्हती. एक गेली, एक येणार, आकडा जिथल्या तिथे.

विंचूरहून बातम्या यायच्या. सोमनाथची बायको सिंधुबाई कुसाबाईला रोज तेल लावून न्हाऊ घालायची आणि बाजेखाली शेगडी ठेवायची. सुरुवातीला तिने भीड पडून केलं, मग तिला त्यात गोडी वाटू लागली. तिची स्वतःची सासू लवकर वारली होती. आरोग्य खात्याचा दर आठवड्याला फोन यायचा.

“कुसाबाई, बाळाची हालचाल जाणवते का?”

“आज नाय जानवली.”

“घाबरू नका. डाव्या कुशीवर झोपा.”

“तशीच झोपते.”

तिचं वजन वाढलं. खात्याने ते चांगलं लक्षण मानलं. तिच्या नावापुढे ‘उशिराची माता, विशेष लक्ष’ असा शेरा आला आणि एकदा रुग्णवाहिका सराव म्हणून तिला घरापासून दवाखान्यापर्यंत नेऊन परत सोडून गेली. ती फेरी तिला फार आवडली.

जून संपता संपता निफाडच्या दवाखान्यात तेजस्विनीला मुलगी झाली. ओढ्याला तेव्हा पाणी नव्हतं. आकडा भरला. साळूबाईंनी गावात पेढे वाटले आणि गोरक्षने पाटीला अमावास्या नसताना हार घातला.

बारसं बाराव्या दिवशी. बारावा दिवस आला नेमका अकरा जुलैला.

विस्तार अधिकारी जीपने आले, ओढ्यापलीकडे जीप लावून, बूट हातात घेऊन चावडीत पोचले. तरुण, नीटनेटके, थकलेले गृहस्थ होते. घराघराची मोजणी झाली. साळूबाईंनी गोरक्षला वेशीवर बसवलं होतं. “साहेब परत जाईस्तवर गावात कुनाला सोडायचं नाय. कुनी बी असो.” गोरक्ष पाटीखाली दगडावर बसला. घरी पाळणा बांधला होता, बायका जमल्या होत्या, गाण्याचा आवाज इथपर्यंत येत होता. बारशात पुरुषाचं तसं काय काम असतं, अशी त्याने मनाची समजूत काढली.

तेवढ्यात ओढ्यातून कुणीतरी येताना दिसलं. गुडघाभर पाणी होतं. एका हाताने लुगडं उचललेलं, दुसऱ्या हाताने सोमनाथचा खांदा धरलेला, कानाभोवती बाळंतिणीसारखा फडका घट्ट बांधलेला, अंगाला ओव्याच्या धुरीचा वास. कुसाबाई! गाल वर आले होते. डोक्यावर लाडवांचा डबा घेतलेला सोमनाथ दुरूनच सांगू लागला, “नाना, माझा इलाज चालला नाही. आमच्या गावाला धसका बसलाय. आत्या इथंच बाळंत झाली तर आमचा आकडा जाईल म्हणतात. आणि तिला तर बारशाला यायचंच होतं.”

“आज्जी, आज नको,” गोरक्ष म्हणाला. “उद्या ये.”

“बारसं उद्या हाय का?”

“आज.”

“मंग?”

“चावडीत साहेब बसलाय गं.”

“तो घालनार हाय का पोरीला पाळन्यात? तुझ्या लेकीला मी घातलं. आता तिच्या लेकीला कोन घालनार, पाटी?”

गोरक्षने वर पाटीकडे पाहिलं. नातीच्या जन्माला घातलेला हार सुकला होता. पुलाचं काय होईल, साळूबाई काय म्हणतील, सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. पण समोरून माणूस आलं की बाजूला होऊन वाट द्यायची, याखेरीज त्याला आयुष्यात दुसरं काही जमलं नव्हतं. तो बाजूला झाला.

चावडीत साहेबांनी चहा संपवला होता. आकडा बरोबर होता. आता शेवटचं बटण दाबायचं, की नांदरवाडी स्थिर. साळूबाईंनी डोळे मिटून घेतले होते. त्या क्षणी चावडीसमोरून कुसाबाई काठी टेकत गेली.

“या कोण?” साहेबांनी विचारलं.

अंजलीच्या तोंडून निघून गेलं, “आमच्या कुसाआज्जी. बाळंतपणाला गेल्या होत्या.”

साहेबांनी मोबाईल बघितला. “नोंद आहे,” ते म्हणाले. त्यांना जराही नवल वाटलं नाही. या योजनेत त्यांनी काय काय पाहिलं होतं ते त्यांनाच ठाऊक. “म्हणजे परत आल्या. मग यांना धरावं लागेल. आणि बाळ?”

“बाळ नाय,” साळूबाई म्हणाल्या.

“ते चालणार नाही. बाळंतपणाला गेलेली बाई बाळाशिवाय परत घेतच नाही हा मोबाईल. बाळ दाखवा, नाहीतर अडकेल सगळं.”

सगळी चावडी उठून गोरक्षच्या घरी गेली. पाळण्यापाशी कुसाबाई मांडी घालून बसली होती. मांडीवर बाळ, बाजूला तेजस्विनी.

“आजी,” साहेबांनी नम्रपणे विचारलं, “हे तुमचं बाळ का?”

“माझं नाय तर कुनाचं?” कुसाबाई बाळावरून नजर न काढता म्हणाली. “हिची आय बी माझ्याच घरात झाली.”

साहेबांनी फोटो काढला. मोबाईलने तो झटकन घेतला. फक्त एका बाळाला दोन आया चालत नसल्यामुळे तेजस्विनीच्या नावावरचं बाळ आपोआप निघून गेलं आणि तिच्या नावापुढे पुन्हा नववा महिना दिसू लागला.

“अहो, पण मी...” तेजस्विनी म्हणाली.

“वर्षभराने दुरुस्तीचा पर्याय येईल, ताई. तोवर गोळ्या मिळत राहतील.” साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. “अडचण वेगळी आहे. आजी परत आल्या, त्यामुळे गाव एकाने वाढलं.”

गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, “बाळ आजच्या आज नाशिकला न्या.”

तेजस्विनीचा चेहरा उतरला. ती बाजेखालची पिशवी ओढू लागली. साळूबाई तिच्याकडे बघत होत्या.

“कसं नेनार?” कुसाबाई म्हणाली. “परगावच्या लेकीचं बाळ माघारी धाडता. हे गावचं हाय. कुसाबाई नांदरवाडीकरनीचं. गावचं बाळ गावाबाहेर काढाया कुनाच्या बापाची टाप हाय?”

ते नियमाला धरून होतं. आणि तान्ह्या पोरीची आई म्हणून जिची नोंद नाही, त्या पाहुणीला तर योजना मोजतच नव्हती. दोघी राहू शकत होत्या. पण एक माणूस जायला हवं होतं. माणसं आपापल्या पायांकडे बघू लागली. एकाला दमा असल्याचं आठवलं, एकाला म्हशी.

“मी जातो,” दारातून गोरक्ष म्हणाला.

साळूबाईंनी वळून पाहिलं.

“पुरुषांना तीन कारणं आहेत,” साहेब म्हणाले. “नोकरी, मृत्यू, घरजावई.”

गोरक्षने क्षणभर विचार केला. नोकरी या वयात कोण देणार. “घरजावई,” तो म्हणाला.

“अहो!” साळूबाई म्हणाल्या. “सासुरवाडीला? या वयात?”

“मी तसा आता बी तुझ्याच घरी राहतो. गावच तेवढं बदलंल.”

चांदवडकडे राहणाऱ्या मेव्हण्याला फोन लागला. तो गांगरून एवढंच म्हणाला, “दाजी, आमचं काय चुकलं का?” साहेबांनी समजावलं की योजना फक्त रात्रीचा मुक्काम मोजते, दिवसा माणूस कुठे असतो याच्याशी तिला कर्तव्य नाही. पहिल्या गाडीने यावं, शेवटच्या गाडीने जावं, वर्षभर. मेव्हण्याच्या गावात दोन जागा रिकाम्याच होत्या. साहेबांनी बटण दाबलं. नांदरवाडी स्थिर झाली.

मोबाईल खिशात ठेवताना ते गोरक्षकडे निरखून पाहू लागले. “तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. आरोग्य केंद्रात... तुम्ही ते समाधानी ना?”

“फोटो लय जुना हाय, साहेब,” गोरक्ष म्हणाला.

मग त्याने बाळाला घेतलं. बारशाच्या गाण्यात पुरुषाने बसायचं नसतं, पण त्या दिवशी तो शेवटपर्यंत पाळण्याची दोरी धरून बसला आणि त्याला कुणी उठवलं नाही. नाव ठेवताना आत्याच्या जागी कुणी बसावं यावरून जरा वाद झाला, पण ठेवलं ते छान ठेवलं.

संध्याकाळी शेवटच्या गाडीची वेळ झाली. साळूबाईंनी पिशवी भरली. दोन सदरे, दातवण, घुगऱ्यांची पुरचुंडी. भरता भरता त्या मध्येच थांबल्या. “रातच्याला थंडी वाजली तर माझ्या वहिनीकडं गोधडी मागा. भिडंनं तसंच झोपू नका.”

“बरं.”

“सकाळी पहिल्या गाडीनं या.”

“येतो.”

“येतो येतो नको. या.”

वेशीपाशी कुसाबाई काठी टेकून उभी होती. तिच्या हातात तांदूळ आणि नारळ होता, बहुधा तिचाच, विंचूरहून परत आलेला. “उपरनं पसर,” ती म्हणाली.

“आज्जी, मी गडीमानूस.”

“गाव सोडून चाललास ना? पसर.”

गोरक्षने उपरणं पसरलं. तिने त्यात तांदूळ घातले, वर नारळ ठेवला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. साळूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या का रडत होत्या, हे त्याला अंधुक उजेडात कळलं नाही.

तो ओढ्यात उतरला. पाणी सकाळपेक्षा वाढलं होतं. पुलाची मंजुरी यायची तेव्हा येईल. ओटी भिजू नये म्हणून ती छातीशी धरून तो पलीकडे गेला, तेव्हा गाडी सुटायच्या बेतात होती. आत नेहमीच्या बायका बसल्या होत्या, टोपडी विणत. एकीने सरकून जागा केली. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आला. त्याने गोरक्षच्या ओल्या धोतराकडे पाहिलं, पोटाशी धरलेल्या ओटीकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्याने काही विचारलं नाही.

“काका, तुम्ही पुढं या,” तो म्हणाला, आणि ड्रायव्हरच्या मागची एकटी सीट त्याने रुमालाने पुसून दिली.